सापाच्या रक्ताचा एक थेंब पुरतो: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डीएनएबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या प्रयोगशाळेत साप, पाली, सरडे आणि कासवं यांच्या डीएनएवर काम चालतं. एम.एस्सी.ची मुलं, सर्पमित्र, कधी वनखात्यातले लोक, कधी नुसतेच हौशी, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. दरवेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं आहे. सगळं वाचायलाच हवं असं नाही, पण नमुना पाठवणार असाल तर पहिले पाच प्रश्न तरी वाचाच.

सापाचा डीएनए आपल्यापेक्षा वेगळा असतो का?

रेणू म्हणून अजिबात नाही. तीच दुहेरी पिळाची शिडी आणि तीच चार अक्षरं: ए, टी, जी, सी. दोन परीक्षानळ्यांत नागाचा आणि माणसाचा शुद्ध डीएनए ठेवला तर डोळ्यांनी कुणालाही फरक सांगता येणार नाही. फरक असतो तो अक्षरांच्या क्रमात, एकूण लांबीत आणि तो डीएनए गुणसूत्रांमध्ये कसा वाटून ठेवला आहे यात. भारतीय नागाचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, 2020 साली प्रसिद्ध झाला. त्याची लांबी साधारण 1.79 अब्ज अक्षरं आहे. माणसाची तीन अब्जांच्या थोडी वर. न्यूझीलंडमधल्या टुआटारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची जवळजवळ पाच अब्ज, आणि त्यातला सुमारे 64 टक्के भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराचा. म्हणजे लांबीवरून कोण 'पुढारलेला' हे ठरत नाही.

नमुन्यासाठी साप मारावा लागतो का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतं. त्यामुळे माणसाच्या रक्तातून डीएनए मिळतो तो फक्त पांढऱ्या पेशींचा, आणि एका मायक्रोलिटरमध्ये त्या असतात चार ते अकरा हजार. साप, पाल, कासव, मगर यांच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली लंबगोल पेशीच्या मध्यभागी जांभळा ठिपका ठसठशीत दिसतो. आणि या पेशी मायक्रोलिटरला पाच-दहा लाखांच्या घरात असतात. म्हणजे तेवढ्याच रक्तात माणसापेक्षा कित्येक पट डीएनए सहज. पाच-दहा मायक्रोलिटर रक्त, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, बहुतेक कामांना पुरून उरतं.

हे पुस्तकात वाचलेलं असूनही मी पहिल्यांदा धामणीच्या रक्तावर काम केलं तेव्हा किटच्या (डीएनए काढायच्या तयार संचाच्या) पत्रकात माणसासाठी दिलेलं 200 मायक्रोलिटर हेच माप घेतलं. बफर घालून ट्यूब उलटीपालटी केली तर आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट, चिकट गोळा. पिपेटच्या टोकाला धरून वर उचलला तर अखंड तार. कॉलममध्ये, म्हणजे गाळणी बसवलेल्या नळीत, ओतला तो तिथेच बसला, सेंट्रिफ्यूज कितीही फिरवला तरी खाली उतरेना. डीएनए कमी पडला म्हणून नव्हे, जास्त झाला म्हणून प्रयोग फसला. त्याच पत्रकात मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं रक्त 5 ते 10 मायक्रोलिटरच घ्यावं. तेव्हापासून मागचं पान आधी वाचतो.

रक्त कुठून काढतात?

सापात बहुधा शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून, बारीक सुईने. हे पशुवैद्याचं किंवा शिकलेल्या माणसाचं काम आहे. सर्पमित्रांनी घरी करून पाहू नये, हे हात जोडून सांगतो.

रक्त मिळत नसेल तर दुसरं काय चालतं?

पालीची किंवा सरड्याची शेपटीची टोकं चालतात. अनेक पाली तर स्वतःच शेपटी टाकून पळतात, तीच उचलायची. सापाच्या पोटाकडच्या खवल्याचा छोटा कोपरा, तोंडातून किंवा अवस्करातून (मलमूत्राच्या एकत्र द्वारातून) फिरवलेला कापसाचा बोळा, रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या सापाचा स्नायू, हे सगळं चालतं. मात्र उन्हात दोन दिवस तापलेला साप बहुतेक वेळा वाया जातो.

कातेबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. कातेतून डीएनए मिळतो, पण तुटका आणि थोडा. जात ओळखायला एखादा छोटा तुकडा वाचायचा असेल तर ताजी, कोरडी कात पुरते. पावसाळ्यात भिंतीच्या फटीत आठवडाभर भिजलेल्या कातेत सापापेक्षा बुरशीचाच डीएनए जास्त निघतो. संपूर्ण जनुकसंच वाचायला कात कामाची नाही.

नमुना कशात ठेवायचा?

95 टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये. ऊतीच्या कित्येक पट इथेनॉल हवं, आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. फॉर्मेलिनमध्ये कधीही नाही. फॉर्मेलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जखडून टाकतं. शाळा-कॉलेजांच्या कपाटांत बरण्यांमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेल्या सापांवर काम करणं म्हणूनच जिकिरीचं. औषधाच्या दुकानातलं जखमेचं स्पिरिट, रंगाच्या दुकानातलं थिनर वगैरेही नको. रक्त नळीत घ्यायचं असेल तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याला, अडथळा आणतं. पशुवैद्य कासवांसाठी हेपॅरिन पसंत करतात, कारण ईडीटीएमध्ये कासवांच्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांना पेशी शाबूत हव्या असतात. आम्ही त्या तशाही फोडणारच असतो.

आणि चिठ्ठी. ट्यूबवर मार्करने लिहिलेलं नाव इथेनॉलचा एक थेंब ओघळला की पुसलं जातं. एकदा फुरशांच्या ट्यूबांचा अख्खा खोका हाती आला, आतल्या ट्यूबा कोऱ्या आणि खोक्याच्या तळाशी निळं डबकं. कोकणातलं फुरसं कुठलं आणि पठारावरचं कुठलं हे सांगायला कुणीच नव्हतं. कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि पट्टी ट्यूबच्या आत टाका. तारीख, गाव, शक्य असेल तर फोनवरून अक्षांश-रेखांश. ठिकाण माहीत नसलेला डीएनए आमच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी.

पेशीतून डीएनए बाहेर कसा काढतात?

किट नसलेली जुनी पद्धत सांगतो, कारण तिच्यात काय घडतंय ते दिसतं. ऊतीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बारीक चिरायचा. बफरमध्ये साबणासारखं काम करणारं एसडीएस असतं, ते पेशींची आवरणं विरघळवतं. प्रोटीनेज के नावाचं विकर (एन्झाइम) प्रथिनं कुरतडतं. ट्यूब रात्रभर 56 अंश सेल्सिअसला ठेवली की सकाळी तुकडा नाहीसा झालेला असतो. खवले आणि पालीची कातडी मात्र चिवट, त्यातलं केराटिन सहज पचत नाही. विकर आणखी थोडं घालून दुपारपर्यंत वाट पाहावी लागते. अधूनमधून आरएनए काढायला आरएनेज हे विकर.

मग फिनॉल, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, 25:24:1 या प्रमाणात. हे नेहमी धूर ओढणाऱ्या कपाटातच, हातमोजे घालून. फिनॉल कातडीवर पडलं तर आधी नुसतं बधिर वाटतं, पण भाजतं चांगलंच. ट्यूब हलक्या हाताने उलटीपालटी करायची, खळखळवायची नाही, नाहीतर लांब धागे तुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढली की तीन थर दिसतात: खाली सेंद्रिय द्रव, मध्ये प्रथिनांची पांढरी साय, वर पाण्यातला डीएनए. वरचा थर काढताना सायीला पिपेटचं टोक लागू द्यायचं नाही. नवी मुलं शेवटचा थेंबही सोडत नाहीत, आणि तिथेच सगळं गढूळ होतं. थोडा सोडून द्या.

त्यात थोडं मीठ आणि थंडगार इथेनॉल घातलं की द्रवातून पांढरे तंतू उमटतात, रिठ्याच्या पाण्यात ओल्या कापसाचा बोळा तरंगावा तसे. काचेच्या काडीवर ते गुंडाळता येतात. कितीही वर्षं काम केलं तरी या क्षणी मान पुढे जातेच. मग 70 टक्के इथेनॉलने धुवून, वाळवून, टीई नावाच्या साठवणीच्या बफरमध्ये विरघळवायचा.

निघालेला डीएनए चांगला आहे हे कसं कळतं?

260 आणि 280 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो याचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास असावं. फार कमी आलं तर प्रथिनं किंवा फिनॉल राहिलं आहे. पण आकड्यांपेक्षा माझा भरवसा 0.8 टक्के अगारोज जेलवर आहे. त्यात वीज सोडली की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. वरच्या टोकाला एकच जाड पट्टा म्हणजे लांब, अखंड डीएनए. खालपर्यंत धुरासारखा ओघळ म्हणजे तुटलेला. यंत्र दोन्हींना 1.8 च म्हणतं.

डीएनएमधले घटक कसे मोजतात?

ए आणि टी नेहमी जोडीने असतात, जी आणि सी जोडीने. त्यामुळे जी-सी किती टक्के एवढं कळलं की चारही अक्षरांचं प्रमाण कळलं. आता ते अनुक्रम वाचून थेट मोजतात. पण विद्यार्थ्यांना मी अजून जुना प्रयोग करायला लावतो, डीएनए 'वितळवण्याचा'. द्रावण हळूहळू तापवायचं आणि 260 नॅनोमीटरला शोषण पाहत राहायचं. बराच वेळ रेष सपाट, मग एकदम चढण, पुन्हा सपाट. दोन्ही धागे सुटे झाले की शोषण जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतं. जी-सीमध्ये तीन हायड्रोजन बंध, ए-टीमध्ये दोन, शिवाय जी-सीच्या थप्प्याही एकमेकींना घट्ट धरतात, म्हणून जी-सी जास्त तर तापमान जास्त. ठराविक क्षारतेच्या द्रावणात मधलं तापमान 69.3 अधिक 0.41 गुणिले जी-सीची टक्केवारी. सापांमध्ये जी-सी 40 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे 85.7 अंश. आलेख त्या आकड्यावर वळताना पाहिला की पाठ केलेलं सूत्र खरं वाटायला लागतं.

सरासरी सारखी असली तरी वाटणी वेगळी असू शकते. माणसाच्या डीएनएमध्ये जी-सीने गच्च आणि जी-सीने विरळ असे मोठमोठे पट्टे आहेत. अमेरिकेतल्या हिरव्या अ‍ॅनोल सरड्याचा जनुकसंच 2011 मध्ये आला, सरपटणाऱ्या प्राण्यांतला तो पहिलाच. त्यात असे पट्टे जवळपास नव्हतेच, सगळीकडे एकसारखं.

सापाची गुणसूत्रं किती?

बऱ्याच सापांत 36: सोळा मोठी आणि वीस अगदी बारीक. भारतीय नागात 38. या बारीक सूक्ष्म गुणसूत्रांना सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे कण समजून मोजणीतून वगळण्याची चूक आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी करतंच. आकार लहान, पण जनुकांची दाटी तिथेच जास्त आणि जी-सीही जास्त. नागाच्या विषाची बरीचशी महत्त्वाची जनुकंही सूक्ष्म गुणसूत्रांवर आहेत. मगरींमध्ये मात्र सूक्ष्म गुणसूत्रं नसतात. एक सूचना: रक्तपेशींचं संवर्धन माणसासारखं 37 अंशांना करू नका, 28 ते 30 अंशांना ठेवा.

डीएनएवरून नर-मादी कळते का?

प्राण्यावर अवलंबून आहे. नाग, घोणस, मण्यार यांच्यात मादीकडे झेड आणि डब्ल्यू ही लिंग ठरवणारी गुणसूत्रं, नराकडे दोन झेड. आपल्या उलट, आपल्यात वेगवेगळी जोडी (एक्स-वाय) पुरुषाकडे असते. अजगर आणि बोआसुद्धा याच वाटेवरचे, फक्त त्यांची गुणसूत्रं अजून एकसारखी दिसतात, असं अनेक दशकं शिकवलं गेलं. 2017 मध्ये बर्मी अजगर आणि एका बोआमध्ये चक्क एक्स-वाय पद्धत सापडली. आमची जुनी टिपणं त्या दिवशी खोडली.

मगरी आणि समुद्री कासवांकडे लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. मगरीची अंडी साधारण 32.5 अंशांना उबवली तर नर, त्याहून थंड असतील तर माद्या. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावरचं ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते, त्याच्या रक्तातून आम्ही ते सांगू शकत नाही.

'निरुपयोगी डीएनए' म्हणजे काय? त्यावर वेळ का घालवता?

जनुकं नसलेल्या, काम नीट माहीत नसलेल्या डीएनएला हे नाव पडलं. वेळ घालवतो, कारण भारतातल्या डीएनए ठशांच्या तंत्राची एक मुळी सापाच्या अशाच 'निरुपयोगी' भागात आहे. लालजी सिंह हे शास्त्रज्ञ बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करत होते. पुढे एडिंबरामध्ये असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएमधून एक भाग वेगळा केला. त्यात जी-ए-टी-ए ही चार अक्षरं रांगेने पुन्हा पुन्हा येत होती आणि त्यांची गर्दी मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावर होती. याला बीकेएम म्हणतात, त्यातलं 'बीके' म्हणजे बँडेड क्रेट. हीच पुनरावृत्ती उंदरांत आणि माणसांतही थोड्या-जास्त प्रमाणात निघाली, आणि माणसागणिक तिची लांबी वेगवेगळी. 1987 मध्ये ते हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आले आणि या तुकड्याचा प्रोब (जुळणारा डीएनए शोधून दाखवणारा तुकडा) करून माणसांचे डीएनए ठसे घेण्याचं देशी तंत्र उभं केलं. पितृत्वाचे दावे आणि गुन्ह्यांचे तपास यांत ते वापरलं गेलं, राजीव गांधी हत्येच्या तपासातही. मण्यारीचं लिंग ठरवणारा डीएनए शोधायला निघालेला माणूस कोर्टात पोचला तो असा.

गाईत सापाचा डीएनए असतो, हे खरं का?

ऐकायला व्हॉट्सॲपवरच्या अफवेसारखं आहे, पण बीज खरं. बोव्ह-बी नावाचा उड्या मारणारा डीएनए साप-सरडे आणि रवंथ करणारे प्राणी या दोन्हींत सापडतो, आणि त्यांचं नातं इतकं दूरचं की तो वारशाने आलेला नसणार. सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या गोचिडांतही तो आहे, म्हणून गोचीडच वाहक असावी असा अंदाज. गाईच्या जनुकसंचाचा जवळपास चौथा हिस्सा याच कुळातला. म्हणून गाय विषारी होत नाही, एवढं पुढे ढकलताना लिहा.

डीएनएवरून नवी जात कशी ठरते?

नुसत्या डीएनएवरून ठरत नाही, ठरवूही नये. खवल्यांची मोजणी, कवटी, रंग, वावर हे सगळं लागतंच. पण डीएनए कुठे पाहायचं ते दाखवतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात निळी-काळी-नारिंगी गळ्याची पिशवी फुलवणारे सरडे अनेकांनी पाहिले असतील. ते 'सिटाना' या प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) समजले जात. 2016 च्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतलं ऊर्जा बनवणारं, स्वतःचा डीएनए असलेलं अंगक) आणि केंद्रक दोन्हींतली जनुकं वाचल्यावर त्यांची स्वतंत्र शाखा निघाली, आणि नव्या प्रजातीला नाव दिलं गेलं 'सराडा'. आपला सरडाच. लॅटिन नावांच्या यादीत आपल्या आजीचा शब्द वाचून मला झालेला आनंद शास्त्रीय नव्हता.

विद्यार्थ्यांसाठी: प्राण्यांच्या बारकोडिंगचे (एका ठराविक जनुकावरून जात ओळखण्याचे) 'सार्वत्रिक' सीओआय प्रायमर, म्हणजे ते जनुक पकडणारे छोटे तुकडे, सरपटणाऱ्या प्राण्यांत वारंवार दगा देतात. पालींसाठी एनडी2, सापांसाठी एनडी4 आणि सायटोक्रोम बी, नाहीतर 16एस ही जनुकं घ्या. पट्टा आला नाही म्हणून लगेच डीएनएला दोष देऊ नका.

साप चावल्यावर डीएनए तपासून तो कुठला ते कळेल का?

चाव्याच्या जागी फिरवलेल्या बोळ्यातून सापाची जात ओळखल्याची उदाहरणं आहेत, नेपाळमध्ये असं काम झालं आहे. पण अहवाल येईपर्यंत वेळ जातो आणि रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. सापाचा तुकडा घेऊन आमच्याकडे येऊ नका, थेट दवाखान्यात जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच बहुविध प्रतिविष आहे, डॉक्टर लक्षणं पाहून ते देतात.

नागाचा जनुकसंच कळला, मग नवं प्रतिविष कधी?

कळणं ही पहिली पायरी. नागात विषाशी संबंधित 139 जनुकं सापडली, त्यातली 19 फक्त विषग्रंथीतच चालणारी. या मोजक्या विषद्रव्यांवर प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवता आली तर घोड्यांवरचं (आजचं प्रतिविष त्यांच्या रक्तातून काढतात) अवलंबन कमी होईल, ही कल्पना आहे. पण डीएनए म्हणजे जिन्नसांची यादी. कुठला जिन्नस किती पडतो ते आरएनए सांगतं, त्यासाठी विषग्रंथी लागते.

परवानगी लागते का?

लागते, आणि 'फक्त रक्त तर घेतलं' हे उत्तर चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, आणि पहिल्या अनुसूचीतला (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला) प्राणी असेल तर केंद्राचीही. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण, दिवड हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत. नमुना परदेशी पाठवायचा तर जैवविविधता कायद्याची वेगळी पायरी. कात किंवा मेलेला साप सापडला तरी आधी स्थानिक वनकर्मचाऱ्यांना कळवा, कुरिअर नंतर.

डायनासोरचा डीएनए?

नाही. आतापर्यंत वाचला गेलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातला, सुमारे 20 लाख वर्षांचा. डायनासोर 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. कोंबडी कापताना मिळेल तो सर्वांत जवळचा.

कुंडीत गांडुळासारखा काळा, चकचकीत जीव सापडला. पाठवू का?

तो बहुधा वाळा, आपल्याकडचा सर्वांत छोटा साप, निरुपद्रवी. आतापर्यंत त्याच्या माद्याच सापडल्या आहेत. नराशिवाय अंडी घालतात, आणि गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच बाळगतात. एकटी मादी झाडाच्या मातीतून गेली तरी नवी वस्ती होते, म्हणूनच तो कुंड्यांबरोबर जगभर पसरला. पाठवू नका, ओल्या मातीत परत सोडा. फोटो काढा, आणि कुंडी कुठल्या नर्सरीतून आणली होती तेवढं मात्र आम्हाला कळवा.